बाबांची पेट्रोलची करवत

काकाने ती पेटी दारात आणून ठेवली तेव्हा आईला वाटलं, शिवणयंत्र आलं. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. बोटीवर खलाशी होता, आणि सुट्टीवर आला की कुठल्या ना कुठल्या बंदरातून काहीतरी उचलून आणायचा. कधी नायलॉनची साडी, कधी टेपरेकॉर्डर. त्या खेपेला पेटीतून निघालं ते एक केशरी रंगाचं धूड, आणि धुडाच्या पुढे हातभर लांब पातं. पात्याच्या कडेने सायकलसारखी चेन होती, पण या चेनला दात होते.

"झाडं कापायची मशीन आहे," काका बाबांना म्हणाला. "पेट्रोलवर चालते. जुनी आहे, पण झकास आहे. तू मशीनवरचा माणूस, दादा. तुला जमेल."

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिने पदर खोचला आणि रागावली की यायची ती तिची मालवणी सुरू झाली. "ह्यां माका घरात नको हां! ह्यांची बोटां गेली तर मी काय करू?"

बाबा उकिडवे बसून त्या यंत्राकडे बघत राहिले. मग त्यांनी एका बोटाने चेनचा दात चाचपला, आणि मी बघतच राहिले, कारण बाबांनी कशाला तरी असा कुतूहलाने हात लावलेला मी किती दिवसांत पाहिला नव्हता.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. मुलुंडला, डोंगराच्या बाजूला आमची बैठी चाळ होती. बाबांची गिरणी बंद पडली होती आणि आता ती उघडेल असं म्हणणारेही हळूहळू गप्प झाले होते. आई पोळ्यांच्या ऑर्डरी घ्यायची, मी कॉलेज करून शिकवण्या घ्यायचे, चालत होतं कसंबसं. पण बाबांना पुन्हा काम मिळणार की नाही, हा एकच प्रश्न घरात होता आणि तो कोणी तोंडाने विचारत नव्हतं. पन्नाशीच्या माणसाला कोण ठेवून घेणार? वॉचमनची नोकरी चालून आली होती, तर बाबा म्हणाले, "बसून पगार घ्यायचा तर घरीच बसतो की." त्यांना हाताखाली मशीन लागायचं. मशीन नाही म्हणून माणूस असा विझलेला मी तरी दुसरा बघितला नाही.

काका सुट्टी संपवून निघून गेला. जाताना घाईघाईने एवढंच सांगून गेला की पेट्रोलमध्ये स्कूटरला घालतात तसं तेल मिसळायचं, आणि चेनला तेल वेगळं. बाकी सगळं पुस्तकात आहे, म्हणाला.

आता पुस्तक! पुस्तक होतं खरं, पण भाषा कुठली ती देव जाणे. अक्षरं इंग्रजीच, पण काहींच्या डोक्यावर दोन-दोन टिंबं, आणि एकेक शब्द मालगाडीएवढा. मी तेव्हा विशीतली आणि जन्मजात भोचक. समजत नाही म्हटलं की मला रात्रीची झोप लागायची नाही. पण त्या पुस्तकात चित्रं भरपूर होती. टोपी घातलेला, चष्मा लावलेला एक माणूस दर पानावर काहीतरी करत होता. काही चित्रांवर लाल फुली होती. म्हणजे ते करायचं नाही. एवढं तर कोणालाही कळेल.

पण का करायचं नाही? फुली मारलेली ती पानं मी आणि बाबांनी किती वेळा चाळली असतील! पंचाईत अशी की चूक आणि बरोबर यांत काय फरक आहे तेच पुष्कळदा दिसत नसे. एका चित्रात त्या माणसाने पुढची मूठ धरली होती, त्यावर फुली. शेजारच्या चित्रात तीच मूठ, फुली नाही. दोन्ही चित्रं मी नाकाला लावून पाहिली. शेवटी बाबाच म्हणाले, "अंगठा बघ." फुलीच्या चित्रात अंगठा वर होता, बाकीच्या बोटांच्या शेजारी. बरोबरच्या चित्रात तो मुठीखालून वळसा घालून आला होता. बाबांनी यंत्र उचललं आणि दोन्ही तऱ्हांनी धरून पाहिलं. मी पातं जरा वर ढकललं. अंगठा वर असताना मूठ सटकली. वळसा घातल्यावर मला ते हलवताही येईना.

"अस्सं!" आम्ही दोघं एकदम म्हणालो. स्टोव्हपाशी बसलेल्या आईने भांडं आपटलं.

असाच एक कोपरा आम्हाला फार छळत होता. पात्याच्या टोकाचं मोठं चित्र होतं, आणि टोकाच्या वरच्या अर्ध्या भागावर लाल रंग. तिथून एक बाण निघून वर वळून थेट त्या माणसाच्या कपाळाकडे गेलेला. म्हणजे लाल भाग लाकडाला लागला की यंत्र उसळून तोंडावर येतं. का येतं? चेन तर पुढे धावते, मग मागे कसं येईल? मी म्हटलं, बाबा, हे पटल्याशिवाय मशीन चालू करायची नाही. ते म्हणाले, "पटवून घे मग."

मी शेजारची सायकल मागून आणली, अंगणात उलटी ठेवली आणि पॅडल मारून मागचं चाक गरागरा फिरवलं. मग त्या चाकावर आईचं लाटणं टेकवलं. लाटणं माझ्या हातातून असं काही उडालं की समोरच्या ओट्यावर जाऊन पडलं.

"माझं लाटणं!" आई ओरडली.

पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. लाटणं हलकं, म्हणून लाटणं उडालं. सायकल जड, म्हणून ती जागेवर राहिली. इथे झाड काही उडणार नाही. मग उडणार कोण? करवत! चाक लाटण्याला ज्या जोराने फेकतं त्याच जोराने झाड करवतीला परत फेकणार, आणि टोकावर चेन वरून खाली वळते म्हणून फेकणार ते वरच्या दिशेने. बाबांनी ते दोन-तीनदा स्वतः करून पाहिलं, अर्थात लाटण्याऐवजी काठी घेऊन. मग ते खडूचा तुकडा घेऊन आले आणि अंगणातल्या फरशीवर त्यांनी एक सरळ रेघ ओढली.

"ही पात्याची रेघ," ते म्हणाले. "उसळली तर या रेघेत उसळणार. मग आपण या रेघेत उभंच राहायचं नाही." आणि ते रेघेच्या डाव्या बाजूला सरकून उभे राहिले. पुस्तकातला टोपीवालाही तसाच उभा होता. आम्ही पान उघडून बघितलं तेव्हा मला इतका आनंद झाला, जसा काही तो माणूस आमच्या ओळखीचाच झाला.

मग पुढचे कितीतरी दिवस बाबा त्या रेघेशेजारी उभे राहून बंद करवत चालवत होते. हो, बंदच. पेट्रोलचा थेंब नाही. पाय किती फाकवायचे, कोपर किती वाकवायचं, करवत खांद्याच्या वर न्यायची नाही, एका हाताने धरायची नाही. सुरू करायची ती जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत पाय रोवून, मगच दोरी ओढायची. हातात लोंबकळती धरून नव्हे. चेनला हात लावायचा तर आधी प्लगची टोपी काढायची, म्हणजे इंजिन चुकूनही सुरू होणार नाही. हे शेवटचं पुस्तकात नव्हतं, ते बाबांचं स्वतःचं. गिरणीत पट्टा उतरवल्याशिवाय मशीनमध्ये हात घालायचा नाही, तसंच हे, म्हणाले.

चाळीला तर फुकटचा तमाशाच मिळाला. "काय हो, पेट्रोल परवडत नाही काय?" कोणी म्हणे. कोणी म्हणे, "अंगणातच गिरणी उघडली वाटतं!" माझं डोकं फिरायचं. एकदा मी एकाला सुनावलंसुद्धा, "तुमची बोटं जास्त झाली असतील तर या तुम्ही, पेट्रोल भरून देते." बाबा मात्र हसून सोडून द्यायचे. त्यांना त्या बंद यंत्राशी खेळण्यातच मजा येत होती, हे कोणाला सांगणार?

एका संध्याकाळी चेन जी अडकली ती हलेचना. बाबांनी अर्धं यंत्र खोललं. नट गोळा करता करता आमच्या नाकी नऊ आले. शेवटी मी पुढच्या मुठीसमोरची उभी प्लास्टिकची पट्टी सहज मागे ओढली, खट्ट झालं आणि चेन मोकळी. तो ब्रेक होता! करवत उसळली की मनगट त्या पट्टीवर आपटतं, पट्टी पुढे जाते आणि चेन जागीच थांबते. बाबा खट्ट पुढे, खट्ट मागे करत बसले. "कोणीतरी बसून विचार केलाय गं," ते म्हणाले. "आपण घाबरू तेव्हा हात कुठे जाईल, त्याचा विचार केलाय."

यानंतर खरं पेट्रोल आलं. आईची अट एकच, पेट्रोलचा डबा स्टोव्हपासून लांब, घराबाहेर. ती बरोबरच होती. भरायचं तेही यंत्र गार झाल्यावर, आणि भरलं तिथेच चालू करायचं नाही, चार पावलं लांब न्यायचं.

राहिलं चेनचं तेल. पहिल्या दिवशी बाबांनी गॅरेजमधून आणलेलं जळकं, म्हणजे गाड्यांतून काढून टाकलेलं तेल घातलं. पुस्तकात एक चित्र होतं: टोक पांढऱ्या कागदासमोर धरायचं, इंजिनाचा वेग वाढवायचा, कागदावर तेलाची रेघ उमटली तर चेनला तेल पोचतंय. बाबांनी कागद ठेवला. रेघ उमटली. कागदावर उमटली आणि कागदाच्या पलीकडे दोरीवर आईने वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवरही उमटली. काळीकुट्ट.

अरे देवा! त्या संध्याकाळी घरात जेवण झालं ते फक्त भांड्यांच्या आवाजात. मला वाटलं, संपलं, आता ही करवत भंगारात जाणार. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आईने फडताळातून खोबरेल तेलाचा डबा काढला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला. ते तेल तिच्या माहेराहून यायचं, घाण्याचं. आमच्या घरात केसांना, भाजल्याला, कान दुखला तर कानाला आणि दार कुरकुरलं तर बिजागरीला हेच तेल.

"ह्यां घाला," ती म्हणाली. "डाग तरी पडूचे नाय."

मी आईकडे बघतच राहिले. एवढे दिवस भांडी आपटणारी बाई स्वतःहून तेल देत होती. इतकंच नाही, पुस्तकातल्या माणसाची जाड विजार तिने कधी पाहून ठेवली होती कोण जाणे, तिने बाबांच्या जुन्या खाकी पँटीला पुढून गोधडीचे थर लावून शिवायला घेतले. त्या गोधडीने चेन थांबली असती का? मला आजही शंका आहे. पण ती पँट घालून बाबा चालले की आम्ही दोघी पोट धरून हसायचो, आणि बाबा उगाच आणखी फेंगडे चालून दाखवायचे.

खोबरेल झकास चाललं. दुपारच्या उन्हात कागदावर स्वच्छ, पारदर्शक रेघ. अंगणभर लाडू वळल्यासारखा वास. चाळीतली मांजरं जमा झाली.

एवढ्यात काम आलं. मुलुंड पूर्वेच्या एका कॉलनीत मी शिकवणीला जायचे. तिथला जुना गुलमोहर पावसाळ्यात कोसळला होता. फांद्या उचलल्या गेल्या, पण बुंधा तसाच मैदानात आडवा. कॉलनीचे सेक्रेटरी म्हणजे एका मोठ्या कंपनीतले साहेब, कडक शिस्तीचा माणूस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मैदान मोकळं हवं म्हणून ते करवतवाल्यांना बोलवणार होते. मी मध्ये तोंड घातलं. "माझे बाबा करतील. मशीनने." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाले, "बघू. नीट झालं तर कॉलनीतल्या बाकी झाडांची छाटणीही त्यांनाच. माझ्या मेहुण्याच्या सोसायटीतही कामं आहेत. पण मला खोळंबा चालत नाही हं."

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी पुन्हा विचारलं, "बाकीची झाडंही म्हणाले?" आणि मग ते बराच वेळ कानशीने चेनचे दात घासत बसले. हे पहिलं काम नीट झालं तर बाबांना धंदा मिळणार होता. बिघडलं तर एवढे दिवस हसणारी चाळ काय म्हणेल याची मला कल्पनाही करवत नव्हती.

त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मुलुंडला डोंगर जवळ, त्यामुळे जानेवारीत तोंडातून वाफ निघायची. आम्ही पोचलो तेव्हा कॉलनीतली माणसं मफलर गुंडाळून गॅलऱ्यांत उभी होती. बाबांनी आधी बुंध्याभोवती फेरी मारली. पायाखालचे दगड-काटक्या बाजूला केल्या. बुंधा गडगडू नये म्हणून दोन्हीकडून दगड लावले. पात्याला चिमटा बसू नये म्हणून खाचेत ठोकायला लाकडी पाचरी काढून ठेवल्या. सेक्रेटरी म्हणाले, "मुहूर्त बघताय का?" बाबा म्हणाले, "होय साहेब, तसंच समजा."

माझं काम ठरलेलं होतं. लांब उभं राहायचं आणि कोणालाही जवळ येऊ द्यायचं नाही. बाबांच्या कानात कापसाचे बोळे असणार, हाक ऐकू जाणार नाही. आणि मागून जाऊन खांद्याला हात तर मुळीच लावायचा नाही, दचकलेल्या माणसाच्या हातात चालू करवत असते. काही सांगायचं झालं तर समोरून, लांबून, आईचा लाल ब्लाउजपीस हलवायचा. हीही आमचीच युक्ती. चित्रात नव्हती.

बाबांनी डोळ्यांवर मोटारसायकलवाल्यांचा गॉगल चढवला, नाकाला रुमाल बांधला, यंत्र जमिनीवर ठेवलं, पाय रोवला, दोरी ओढली. एकदा, दोनदा, आणि ती अशी गरजली की गॅलऱ्यांतली सगळी माणसं कठड्याला येऊन भिडली. मला अभिमानाने काय करू नि काय नको असं झालं. पातं बुंध्यावर टेकलं आणि भुसा कारंज्यासारखा उडायला लागला. सेक्रेटरींच्या भुवया वर गेल्या. हे माझे बाबा!

मग मला धूर दिसला. इंजिनाचा नव्हे, तो मला ओळखीचा झाला होता. हा पात्यातून येत होता. निळसर, लाकडालगत. भुसाही आता पिवळसर उडायचा सोडून तपकिरी पिठासारखा खाली पडत होता. आणि लाडवांचा वास कुठेच नव्हता. बाबांच्या नाकाला रुमाल. त्यांना कळणार कसं? मी समोर धावले, लांबच थांबले, आणि तो लाल ब्लाउजपीस दोन्ही हातांनी हलवायला लागले. वरून कोणीतरी खो-खो हसलं.

बाबांनी मान वर केली. गॉगलमधूनही मला दिसलं, ते चिडले होते. एवढ्या लोकांसमोर, असं रंगात आलेलं काम! पण ते थांबले. त्यांनी ब्रेकची पट्टी पुढे ढकलली आणि इंजिन बंद केलं. करवत वर उचलली तर काय, चेन पात्याखाली लोंबत होती, जुन्या विजारीच्या नाडीसारखी सैल. पातं इतकं तापलेलं की त्यावर पडलेला भुसा काळा पडत होता. आणखी थोडा वेळ चालली असती तर ती चेन निसटून कुठे गेली असती, ते मला बोलवत नाही.

"काय झालं? पडली बंद?" सेक्रेटरी आलेच. "बघा हं, तुमच्याच्याने होत नसेल तर मी करवतवाल्यांना निरोप पाठवतो. ते स्टेशनजवळच बसतात."

बाबांनी प्लगची टोपी काढली, मग तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं. आम्ही दोघांनी आत डोकावलं. आत पांढरंशुभ्र. वाटीत गोठलेल्या तुपासारखं घट्ट खोबरेल. तेल पोचलंच नव्हतं, म्हणून चेन तापली आणि तापून सैल पडली.

मला हसूच फुटलं. आवरेचना. अहो, त्याच सकाळी मी केसांना लावायच्या तेलाची बाटली गरम पाण्याच्या तपेल्यात धरून बसले होते! थंडीत खोबरेल गोठतं हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. आमच्या घरात तर थंडी पडली की तेलाची बाटली रोज उन्हात जायची. आणि एवढे दिवस खडूच्या रेघा मारणाऱ्या, सायकलीवर लाटणी उडवणाऱ्या आम्हा दोघा शहाण्यांच्या हे टाळक्यात आलं नाही! सगळ्या चाचण्या आम्ही दुपारच्या उन्हात केल्या होत्या. कागदावरची रेघसुद्धा आदल्या दुपारी बघितली आणि झालं, म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू विरून गेलं. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण सेक्रेटरी घड्याळ बघत उभे होते, आणि मग मला खरी भीती वाटायला लागली.

उपाय सुचवणारे चिक्कार. एक म्हणाला, चालवा तशीच, गरम झाली की वितळेल. दुसरा वर्तमानपत्राचा बोळा पेटवूनच घेऊन आला. बाबा त्याच्यावर असे ओरडले की गॅलऱ्या गप्प झाल्या. "पेट्रोल आहे त्यात! विझव आधी!" मी बाबांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. तो बोळा पायाखाली चिरडून ते करवत उचलून मैदानाच्या कोपऱ्यात गेले. इमारतीमुळे सगळीकडे सावली होती, तिथे तेवढं हातरुमालाएवढं ऊन आलं होतं. त्या उन्हात त्यांनी करवत ठेवली, पातं गार व्हायला, तेल पातळ व्हायला, आणि स्वतः शेजारी उकिडवे बसले.

"किती वेळ लागेल याला?" सेक्रेटरींनी विचारलं.

"तेल उतरेपर्यंत."

"अहो, मला ऑफिस आहे. असं कसं चालेल? तो म्हणतोय तशी चालवून तर बघा थोडी."

बाबा उठून उभे राहिले. सेक्रेटरींच्या समोर, ती गोधडीची पँट घालून. मला वाटलं, आता ते हो म्हणणार. मनातल्या मनात मी सांगत होते, म्हणा हो, बाबा, थोडीशीच चालवा, हे काम हातचं जाऊ देऊ नका. आणि त्याच वेळी मला ती लोंबती चेन दिसत होती.

"साहेब," बाबा शांतपणे म्हणाले, "चेनला तेल मिळाल्याशिवाय मी चालू करणार नाही. तुम्हाला घाई असेल तर करवतवाल्यांना बोलवा. माझी काही तक्रार नाही."

झालं. वाट लागली. गेलं काम. इतक्या दिवसांनी आलेलं काम बाबांनी स्वतःच्या तोंडाने देऊन टाकलं होतं. सेक्रेटरी एकदा बाबांकडे, एकदा त्या उन्हात ठेवलेल्या करवतीकडे बघत राहिले. त्यांच्या मनात काय चाललंय ते काही कळेना. शेवटी त्यांनी मफलर सोडला आणि म्हणाले, "ठीक आहे. मी आंघोळ करून येतो तोवर."

आंघोळ! मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

मग आम्ही बसलो. तळमजल्यावरच्या एक आजी हळूहळू चालत आल्या, त्यांच्या हातात कंबर शेकायची रबरी पिशवी. "यात गरम पाणी आहे, विस्तव नाही. चालेल का हो?" बाबांनी विचार केला आणि म्हणाले, चालेल. मग ती जगातल्या कुठल्याशा बंदरातून आलेली दणकट करवत, कंबर धरलेल्या बाईसारखी पोटाशी शेकाची पिशवी घेऊन उन्हात पडून राहिली. मी दर थोड्या वेळाने झाकण उघडून बघत होते. आधी कडेने पारदर्शक झालं. मग मधला पांढरा गोळा बेटासारखा तरंगायला लागला. मग तोही विरघळला. मी इतक्या लक्षपूर्वक कॉलेजच्या प्रयोगशाळेतही कधी काही पाहिलं नसेल.

बाबांनी गार झालेली चेन हातमोजा घालून फिरवून पाहिली, दात तपासले, सैल पडलेली चेन पुन्हा ताणून बसवली. मग कागद मागितला. कोणीतरी वहीचं पान फाडून दिलं. करवत सुरू झाली, टोक कागदासमोर, आणि आली! स्वच्छ रेघ आली! मी टाळ्याच पिटल्या.

त्यानंतर दुपारपर्यंत ते मैदान बाबांचं होतं. वरून कापत जायचं, खाच मिटायला लागली की पाचर ठोकायची, टोक कशाला लागू द्यायचं नाही, पायाच्या बाजूला तुकडा घरंगळणार नाही हे आधी बघायचं. मधूनमधून थांबून ते झाकण उघडून बघायचे. वास असा सुटला होता की सगळ्या गॅलऱ्यांना भूक लागली असेल. बुंध्याचे गोल ओंडके एकामागून एक सुटे होत गेले. सेक्रेटरी ऑफिसला जाताना थांबले. कापलेल्या जागेवरून त्यांनी हात फिरवला. "उरलेल्या कामाला उद्या किती वाजता येताय?" त्यांनी विचारलं.

"ऊन आल्यावर," बाबा म्हणाले.

ते हसले. "बरं. आणि संक्रांत झाली की त्या मागच्या झाडांचंही बघून ठेवा."

घरी येऊन मी आईला सगळं एका दमात सांगितलं. तेल गोठल्याचं ऐकल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगो बाई! बाटली तर मीच ठेवतंय रोज उन्हात!" आणि मग ती हसायला लागली, मी हसायला लागले. बाबा न्हाणीतून ओरडले, "हसा, हसा!" आईने त्यांच्या केसांतला भुसा झाडला, ताटात दोनदा भात वाढला. जेवता जेवताच त्यांचे डोळे मिटायला लागले. आजवर मी त्यांना दुपारी आडवं झालेलं पुष्कळदा पाहिलं होतं, छताकडे बघत पडलेलं. त्या दिवशी त्यांनी चटईला पाठ टेकली आणि ते घोरायलाच लागले.

संध्याकाळी शेजारचे गृहस्थ त्यांना पत्ते खेळायला बोलवायला आले. रोजच यायचे. दारातूनच त्यांनी नेहमीसारखी मोठ्याने हाक मारली. आई पोळ्या टाकून तशीच पिठाच्या हातांनी धावत गेली, ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलेत," ती म्हणाली. "कामावरून आलेत ना."

गिरणी बंद पडल्यापासून हे वाक्य आमच्या घरात कोणी बोललं नव्हतं. मला एकदम रडू आलं. ते गृहस्थ चपला हातात घेऊन, आवाज न करता ओट्याच्या पायऱ्या उतरले.